हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

आपल्या भाषेंतील कांहीं म्हणी रोज वापरून इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत, कीं त्यांची मूळची धार आपल्याला जाणवेनाशी झाली आहे. ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ ही त्यांपैकींच एक. दानाचा संकल्प सोडतांना देय वस्तूवर तुळशीचें पान ठेवण्याची आपली रीत. पान ठेवलें कीं ती वस्तु आपली उरली नाहीं. पण ज्यानें स्वतःच्या घरांतली चिमूटभर साखरहि न काढतां शेजारच्या हलवायाच्या परातीवर पान ठेवलें, त्याच्या औदार्याला काय म्हणावें? लोकांनीं त्याला हसून सोडून दिलें व एक म्हण बनविली. परंतु मिठाईच्या जागीं एखादा डोंगर, आणि हलवायाच्या जागीं त्या डोंगरावर पिढ्यान् पिढ्या राहणारीं माणसें घातलीं, म्हणजे तें हसूं ओसरतें; आणि पान ठेवणारा हात कोणाचा हें नीट न्याहाळूं लागलें, म्हणजे तो आपलाच निघतो कीं काय, असा मला संशय येऊं लागला आहे. तो संशय वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रसंग अगदीं साधा होता. रविवारीं सकाळीं आमच्याकडे तीन-चार जुने स्नेही चहाला जमतात. त्यांतले एक सेवानिवृत्त इंजिनियर आहेत. उभें आयुष्य धरणें आणि कालवे बांधण्यांत गेलेलें, सचोटीचे, सरळ मनाचे गृहस्थ. बोलतां बोलतां ओडिशांतील नियमगिरीची गोष्ट निघाली. ते म्हणाले, “आठ हजार माणसांकरितां एकशेंचाळीस कोटींच्या देशानें हात बांधून बसावयाचें काय? आपल्या शास्त्रकारांनींच सांगून ठेवलें आहे, कीं कुळासाठीं एकाला सोडावें, गांवासाठीं कुळाला सोडावें आणि देशासाठीं गांवालाहि सोडावें.” माझी पुतणी चहाचे पेले ठेवीत होती. ती सहज म्हणाली, “पण काका, ज्या एकाला सोडावयाचें, त्याला कोणी विचारलें होतें का?” काका हंसले. “विचारावयाचें काय त्यांत? सरकार भरपाई देतें कीं!” आणि बोलणें दुसऱ्या विषयाकडे वळलें. मात्र त्या दोन वाक्यांमधलें अंतर माझ्या मनांतून गेलें नाहीं. एकीनें संमतीविषयीं विचारलें होतें, दुसऱ्यानें किंमतीविषयीं उत्तर दिलें होतें; आणि तें उत्तर प्रश्नाचें नव्हे, हें आम्हां चौघां-पांचांपैकीं कोणाच्याच लक्षांत आलें नव्हतें.

प्रथम हकीकत सांगतों. नियमगिरि ही ओडिशाच्या नैर्ऋत्य भागांत, रायगडा व कालाहांडी या दोन जिल्ह्यांत पसरलेली डोंगरांची रांग. तेथें डोंगरिया कंध नांवाची जमात राहते. संख्या आठ हजारांच्या आसपास. उतारावर नाचणीसारखीं धान्यें, हळद, आलें, अननस, केळीं व संत्रीं पिकवावीं, रानांतून मध आणि फळें गोळा करावीं, आणि बाजाराच्या दिवशीं डोंगर उतरून माल विकावा, असा त्यांचा जीवनक्रम आहे. डोंगराच्या माथ्यावर त्यांचा नियमराजा राहतो. तो नुसता नवसाला पावणारा देव नव्हे. तो त्यांचा मूळ पुरुष आहे आणि नांवाप्रमाणेंच नियम घालून देणारा राजा आहे. माथ्यावरचें रान तोडूं नये, हा त्याच्याच नियमांपैकीं एक.

त्याच माथ्यावर बॉक्साइटाचा थर आहे. ज्या दगडापासून ॲल्युमिनियम निघतें तो हा तांबूस दगड लक्षावधि वर्षें पावसानें खडक झिजून तयार होतो, आणि या पूर्वेकडील डोंगरांत तो उंच, सपाट माथ्यांवर सांपडतो. तो सच्छिद्र असतो. पावसाचें पाणी तो पोटांत धरून ठेवतो व हळूहळू खालीं सोडतो. म्हणून त्या डोंगरांतले झरे उन्हाळ्यांतहि वाहते राहतात. वंशधारा नदीचा उगम याच डोंगरांत आहे. म्हणजे कंधांचा देव, कंधांचें पाणी आणि आपलें ॲल्युमिनियम हीं तिन्हीं एकाच थरांत आहेत. एक काढून दुसरीं ठेवतां येण्याजोगीं नाहींत. त्या ठेव्याचा अंदाज सुमारें सात कोटि टनांचा होता आणि दरवर्षीं तीस लक्ष टन काढावयाचे ठरलें होतें. त्या हिशेबानें पाव शतकाच्या आंत माथा रिकामा झाला असता.

डोंगराला हात घालण्यापूर्वींच त्याच्या पायथ्याशीं, लांजीगड येथें, कारखाना उभा राहिला. त्याला पर्यावरणविषयक परवानगी २००४ सालीं मिळाली. बॉक्साइटावर प्रक्रिया करणाऱ्या त्या कारखान्याच्या कंपनीचें नांव ‘वेदांत’ असावें, हा केवळ योगायोग. त्यावर कोटी करण्याचा मोह मी आवरतों. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें खाणीच्या योजनेला अटींवर संमति दिली. नफ्याचे पांच टक्के किंवा दहा कोटि रुपये, यांत जी रक्कम मोठी असेल ती दरवर्षीं त्या भागाच्या सुधारणेसाठीं खर्चावी, ही त्यांतील एक अट होती. पुढें २०१० सालीं एन्. सी. सक्सेना यांच्या समितीनें प्रतिकूल अहवाल दिला, आणि त्याच ऑगस्टांत केंद्राच्या पर्यावरण खात्यानें खाणीस परवानगी नाकारली. राज्याच्या खाण महामंडळानें न्यायालयांत दाद मागितली. १८ एप्रिल २०१३ रोजीं न्यायालयानें निर्णय दिला, कीं २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें तेथील लोकांचे धार्मिक व सांस्कृतिक हक्क कोणते, हें त्यांच्या ग्रामसभांपुढें ठेविलें पाहिजे. म्हणजे, माझ्या पुतणीनें विचारलेला प्रश्न देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायासनानें विचारला. फक्त कारखाना उभा राहून कित्येक वर्षें लोटल्यावर.

राज्य सरकारनें बारा गांवें निवडलीं. २०१३ च्या जुलै-ऑगस्टांत, जिल्हा न्यायाधीशाच्या समक्ष, पावसापाण्यांत एकेक सभा भरली. बारा गांवांना विचारलें. बाराहि गांवांनीं नाहीं म्हटलें. जानेवारी २०१४ मध्यें केंद्र सरकारनें खाणीस अखेरचा नकार दिला. २०१६ सालीं महामंडळानें ग्रामसभा पुन्हां भरवाव्या म्हणून न्यायालयाचें दार पुन्हां ठोठावलें. तें उघडलें नाहीं. पायथ्याचा कारखाना मात्र बंद पडला नाहीं. दुसरीकडचें बॉक्साइट आणून तो चालूच राहिला.

आतां प्रश्नाच्या मुळाकडे वळूं. ‘भरपाई’ या शब्दांतच एक सिद्धान्त दडलेला आहे. झालेलें नुकसान म्हणजे एक खड्डा, आणि पैसा म्हणजे माती. पुरेशी माती टाकली कीं खड्डा बुजतो. शेताच्या बदल्यांत शेत, घराच्या बदल्यांत घर, येथवर हा सिद्धान्त खरा आहे, आणि तेवढी भरपाई तरी वेळेवर व पुरती मिळावी म्हणून झगडणाऱ्यांचें काम मोलाचें आहे. पण सर्वच खड्डे मातीनें बुजतात काय? कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १७८५ सालीं एक भेद दाखविला होता, कीं ज्या वस्तूच्या जागीं तिच्या तोलाची दुसरी ठेवतां येते तिला किंमत असते, आणि जिच्या जागीं कांहींच ठेवतां येत नाहीं तिला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. त्यानें हें मनुष्याविषयीं म्हटलें. परंतु मनुष्य ज्या गोष्टींमुळें स्वतःला ‘मी अमुक’ असें म्हणूं शकतो त्यांनाहि हाच भेद लागू पडतो, हें आपण आपल्यापुरतें नेहमींच मान्य करीत आलों आहों.

याचें एक उदाहरण सातासमुद्रांपलीकडलें आहे. अमेरिकेंत ब्लॅक हिल्स नांवाचे डोंगर आहेत. ते तेथील लाकोटा लोकांना परम पवित्र. १८६८ च्या तहानें अमेरिकन सरकारनें ते त्यांच्याकडे राहतील असें वचन दिलें. १८७४ सालीं तेथें सोनें सांपडलें, आणि १८७७ सालीं कायदा करून ते डोंगर काढून घेण्यांत आले. शंभर वर्षांनीं, १९८० मध्यें, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें कबूल केलें, कीं याचा योग्य मोबदला दिला गेला नव्हता. आणि व्याजासह सुमारें साडेदहा कोटि डॉलर देवविले. लाकोटांनीं ते घेतले नाहींत. ती रक्कम सरकारी खजिन्यांत व्याजानें वाढत वाढत शंभर कोटि डॉलरांच्या वर गेली आहे, आणि हे लोक अमेरिकेंतील अत्यंत दरिद्री वस्त्यांपैकीं कांहींत राहतात. शहाणा व्यवहारी मनुष्य म्हणेल, हा हट्ट आहे. असेलहि. पण विकत घेणारा जेव्हां ‘घ्या हो, आतां तर पुरेसे आहेत’ असें म्हणतो आणि उपाशी मनुष्य ‘विकावयाचेंच नाहीं’ असें म्हणतो, तेव्हां भाव कमी पडला असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. तेथें बाजारच संपलेला असतो.

हें दूरचें वाटत असेल तर जवळचें पाहूं. समजा, उद्यां भूगर्भशास्त्रज्ञांनीं सांगितलें, कीं रायगडाच्या पोटांत अमोल धातु आहे. गड उतरवून घेतला तर देशाची ददात मिटेल. जगदीश्वराचें देऊळ व महाराजांची समाधि हीं दुसरीकडे, मोटारीच्या रस्त्यालगत, सोईच्या जागीं हुबेहूब बांधून देऊं. वर महाराष्ट्रांतील प्रत्येक घरामागें इतके रुपये. आपल्यापैकीं किती जण ‘इतके म्हणजे किती?’ असें विचारतील? हा विचारच आपल्याला असह्य होतो, आणि तो तसा व्हावा यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. लाज वाटावी ती याची, कीं आपल्या गडाच्या बाबतींत जें आपल्याला विचार न करतां समजतें, तें दुसऱ्याच्या डोंगराच्या बाबतींत समजावून घेण्यास आपल्याला न्यायालयाचे निकाल लागतात. आपल्याच राज्यांत, गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांत, सूरजागडच्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे. दर जानेवारींत तेथें जत्रा भरते. त्या डोंगरांत लोखंडाचा उत्तम दगड आहे, आणि २०२१ पासून तेथें जोरानें उत्खनन चालू आहे. खाणीमुळें तेथील कांहीं तरुणांना काम मिळालें हें खरें. तेथील ग्रामसभांनीं वर्षानुवर्षें विरोध केला हेंहि तितकेंच खरें. पुण्यामुंबईच्या किती दिवाणखान्यांत याची चर्चा झाली? माझ्या घरीं तरी झाली नव्हती.

येथें सुधारक वाचक मला अडवतील. ते म्हणतील, “डोंगर हा देव आहे, या समजुतीला मान देणें म्हणजे आगरकरांनीं चालविलेला सारा खटाटोप पाण्यांत घालणें नव्हे काय?” आक्षेप वजनदार आहे, आणि तो झटकून टाकणें अप्रामाणिकपणाचें होईल. इतिहास तर आणखी अवघड आहे. याच कंध लोकांच्या पूर्वजांत मेरिया नांवाची नरबळीची चाल होती. भूमीला सुपीक करण्यासाठीं मनुष्याचा बळी देत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज अधिकाऱ्यांनीं ती बंद पाडली. त्यांच्या वृत्तांतांत अतिशयोक्ति असेल, पण ती चाल बंद झाली हें योग्यच झालें. मग प्रथा बंद करतां येते, तर डोंगर कां घेतां येऊं नये?

उत्तर त्या चालीच्या स्वरूपांतच आहे. नरबळीची चाल दुसऱ्याच्या जिवावर उठली होती, म्हणून ती मोडण्याचा अधिकार मनुष्यमात्राला पोंचत होता. सतीची चाल मोडतांनाहि हाच न्याय होता. माथ्यावरचें झाड तोडूं नये या नियमानें कोणाचा जीव जातो? ज्या श्रद्धेनें परक्याचें कांहीं बिघडत नाहीं, तिच्याशीं वाद घालावा, वाटल्यास तिच्यावर लेख लिहावे. परंतु वादांत जिंकणें आणि डोंगर जिंकणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. मी माझें घर विकण्यास नकार दिला, तर माझ्या नकाराचें कारण शास्त्रशुद्ध आहे कीं नाहीं, हें गिऱ्हाइकानें ठरवावयाचें नसतें. नकाराचा अधिकार हें बरोबर तत्त्वज्ञानासाठीं मिळणारें बक्षीस नव्हे. कांहीं सहृदय मंडळी म्हणतात, कीं कंधांचा देव म्हणजे खरें पाहतां पाण्याचें संरक्षणच होय. झऱ्यांची गोष्ट वर मीहि सांगितली आणि ती खरी आहे. पण तीवरच सारी भिस्त ठेवण्यांत एक सूक्ष्म अपमान आहे. उद्यां एखाद्या इंजिनियरानें पाण्याची दुसरी सोय करून दिली, तर देवाचें काम संपलें असें आपण म्हणणार काय?

आणि त्या मेरिया चालीचा एक तपशील मला झोंपूं देत नाहीं. बळी द्यावयाचा मनुष्य विकत घेतलेला असावा, असा तिचा दंडक होता. किंमत मोजलेली असली म्हणजे बळी रीतसर झाला. ती चाल रानटी होती, असें आपण सर्व जण म्हणतों. पण आपल्या समृद्धीसाठीं दुसऱ्याला अर्पण करावें आणि त्याची किंमत रीतसर चुकती केली म्हणून निश्चिंत मनानें झोंपावें, ही कल्पना डोंगरावरून खरोखरच नाहींशी झाली, कीं तेथून उतरून आपल्या कचेऱ्यांत येऊन बसली?

दुसरा आक्षेप गरजेचा. ज्या दिव्याखालीं मी हें लिहितों त्याला वीज आणणारी तार ॲल्युमिनियमची आहे. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरांत तें ‘जर्मनचें पातेलें’ या नांवानें शिरलें आणि तेथून घरभर पसरलें. सुमारें चार टन बॉक्साइट काढावें तेव्हां दोन टन ॲल्युमिना आणि त्यापासून एक टन धातु मिळतो. तेव्हां ‘आम्हांला खाणच नको’ असें म्हणण्याचा हक्क माझ्यासारख्याला नाहीं. परंतु गरज म्हणजे काय, याचा हिशेब आपण कधीं मांडतों काय? माझ्या आजीनें पोचा आलेलें एकहि भांडें टाकलें नाहीं. मोडींत घातलें आणि वर पैसे टाकून नवें घेतलें. मोडीचें ॲल्युमिनियम पुन्हां वितळविण्यास, तें दगडापासून नव्यानें काढण्यास लागते त्याच्या केवळ विसाव्या हिश्शाइतकी शक्ति पुरते. हें आज शास्त्रज्ञ सांगतात. तिला तें संसारानें शिकविलें होतें. जें एकदां वापरून फेंकावयाचें त्यासाठीं जें पुन्हां कधींच उभें करतां येणार नाहीं तें खणून काढणें, याला गरज हें नांव देतांना मनुष्यानें थोडें अडखळावें, एवढेंच माझें म्हणणें.

तिसरा आक्षेप कळवळ्याचा असतो: ‘त्या बिचाऱ्यांना शाळा नको का? दवाखाना नको का?’ हवाच, आणि ते तो मागतातहि. पण दवाखाना पाहिजे असेल तर डोंगर द्या, ही अट कोणत्या नीतीची? पुण्याच्या सदाशिव पेठेंत दवाखाना काढतांना कोणी तेथील रहिवाशांकडे पर्वती मागितली नव्हती. जें एका नागरिकाला हक्क म्हणून मिळतें तें दुसऱ्याला मोबदला म्हणून देऊं करणें, हा उपकार नव्हे.

आतां माझ्या स्नेह्यांनीं म्हटलेल्या नीतिवचनाकडे येतों. तें वचन महाभारतांत आहे, आणि तें आपण जेव्हां जेव्हां वापरतों तेव्हां दोन गोष्टी विसरतों. पहिली ही, कीं त्या वचनाला चौथा चरण आहे. कुळासाठीं एक, गांवासाठीं कुळ, देशासाठीं गांव, अशी पायरी चढत गेल्यावर शेवटीं तें सांगतें, कीं आत्म्यासाठीं साऱ्या पृथ्वीचाहि त्याग करावा. म्हणजे संख्येचा हिशेब मांडतां मांडतां तें वचनच अखेर संख्येचा हिशेब मोडून टाकतें. अशी एक वस्तु आहे, कीं जी तराजूच्या पारड्यांत घालावयाचीच नाहीं, असें तें बजावतें. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दुर्योधनाच्या जन्माच्या वेळीं अपशकुन झाले असतां विदुरानें हें वचन धृतराष्ट्राला ऐकविलें. कोणाला सोडावयास सांगितलें? धृतराष्ट्राच्या स्वतःच्या पुत्राला. विदुरानें राजाला ‘देशासाठीं शेजाऱ्याचा मुलगा टाक’ असें सांगितलें नाहीं. तें वचन ज्याला उद्देशून उच्चारावयाचें त्यानेंच त्यागाचा भार सोसावयाचा, ही त्याची अनुक्त अट आहे. आपण काय केलें? वचन आपण उच्चारलें आणि भार दुसऱ्याच्या डोक्यावर दिला. देशाच्या लोकसंख्येंत आदिवासी सुमारें आठ टक्के. परंतु १९५१ ते १९९० या काळांत धरणें, खाणी, कारखाने यांपायीं जे विस्थापित झाले त्यांत ते सुमारें चाळीस टक्के होते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याग ही जर इतकी थोर वस्तु आहे, तर ती नेहमीं त्याच घरांच्या वांट्याला कां यावी? दुसऱ्याकडून करविलेल्या त्यागाला त्याग म्हणत नाहींत. त्याचेंच नांव हलवायाच्या घरावरचें तुळशीपत्र.

हा दोष सरकारचा किंवा कंपन्यांचा असें म्हणून मला हात झटकतां येत नाहीं. माझे आजोबा परळच्या एका गिरणींत कारकून होते. गिरणींत वाफेच्या जागीं वीज आली त्याची गोष्ट ते रंगवून सांगत. सह्याद्रीवरचें पाणी कोंडून मुंबईचे माग चालतात, याचा त्यांना विलक्षण अभिमान होता. त्या विजेसाठीं मुळशीच्या खोऱ्यांतलीं गांवें बुडावयाचीं होतीं. १९२१ च्या एप्रिलांत तेथील मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यांतच ‘सेनापति’ झाले व तुरुंगांत गेले. जमिनींचे सावकार व मालक, आणि यांत पुण्याची पांढरपेशा मंडळी पुष्कळ, ते भरपाईच्या रकमेकडे वळले. कसणारा मावळा ‘जमीन द्यावयाचीच नाहीं’ म्हणून अडून बसला. धरण झालें; १९२७ सालीं भिऱ्याचें वीजकेंद्र सुरू झालें. आजोबांना त्याविषयीं विचारलें तर ते म्हणत, “उगीच अडून बसले होते लोक. पैसे मिळत होते कीं!” आणि माझे आजोबा कठोर नव्हते, हें मला येथें सांगितलें पाहिजे. तुटपुंज्या पगारांत त्यांच्या घरीं एक गरीब विद्यार्थी दर आठवड्याला वार लावून जेवत असे. त्याच्या ताटांत तूप वाढलें कीं नाहीं, हें ते स्वतः उठून पाहत. समोर बसलेल्याची भूक त्यांना दिसे. डोंगरापलीकडच्या मावळ्याचें बुडालेलें अंगण त्यांना दिसलें नाहीं. आपल्या वर्गाचें नैतिक व्यंग कोठें आहे, याचा विचार करतांना मला नेहमीं तें तूप आठवतें. आपण निर्दय नाहीं. आपली दया आपल्या ताटापर्यंतच पोंचते, इतकेंच.

मग करावें काय? देशाला धातु लागणारच, कोठें तरी डोंगर फुटणारच, असें कोणी म्हणेल. तर त्याला मी दधीचीची गोष्ट आठवून देईन. वृत्रासुरानें त्रैलोक्य जिंकलें होतें, आणि त्याला मारणारें वज्र एका ऋषीच्या अस्थींपासूनच होणार होतें. याहून मोठी सार्वजनिक गरज कल्पनेंत तरी येईल काय? एका पारड्यांत त्रैलोक्य आणि दुसऱ्यांत एका म्हाताऱ्याचीं हाडें! तरी देव आश्रमांत हात जोडून गेले आणि त्यांनीं मागितलें. दधीचीनें दिलीं, म्हणून तें दान झालें. नाहीं म्हणण्याचें त्याला स्वातंत्र्य होतें, म्हणून त्याच्या होकाराला अर्थ आला. त्याला मारून अस्थि नेल्या असत्या, तर वज्र तितकेंच कठीण झालें असतें, पण त्या कथेचें पुराण झालें नसतें. गुन्ह्याची नोंद झाली असती.

खरें विचारणें कशाला म्हणावें, याच्या खुणा याच कथेंत आहेत. तें आधीं विचारावें. पायथ्याला कारखाना उभारून मग नव्हे. ‘नाहीं’ हें उत्तर चालणार असेल तरच विचारावें. ‘होय’ मिळेपर्यंत पुन्हां पुन्हां विचारणें ही पृच्छा नव्हे, ती छळणूक होय. आणि विचारणाऱ्यानें प्रथम स्वतःचें कांहीं तरी पारड्यांत घातलेलें असावें. २००७ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं आदिम जमातींच्या हक्कांचा जाहीरनामा केला; त्यांत अशी संमति मोकळेपणीं, आधीं आणि पुरतें समजावून घेतलेली असावी, असें म्हटलें आहे. शब्द नवे आहेत. गोष्ट दधीचीच्या आश्रमाइतकी जुनी आहे. पण ती अद्याप आपल्या अंगवळणीं पडली नाहीं. नियमगिरीच्या परिसरांतीलच सिजीमाळीच्या डोंगरावरील बॉक्साइटासाठीं २०२३ सालीं लिलांव झाला, आणि तेथें पुन्हां तोच झगडा उभा राहिला आहे.

आणि प्राणान्त गरज असतांनाहि उत्तर नाहीं असेंच आलें तर? या प्रश्नाला माझ्यापाशीं समाधानकारक उत्तर नाहीं, हें मी कबूल करतों. कदाचित् राज्याला, लढाईंत घेतें तसें, बळानें घ्यावें लागेल. पण मग त्यानें त्याला बळजबरी म्हणावें. लोकांचा त्याग, देशाची प्रगति, उदार भरपाई असल्या शब्दांची शाल तिच्यावर पांघरूं नये. निरुपायानें केलेला अन्यायहि अन्यायच राहतो, आणि त्याचें ऋण घेणाऱ्याच्या नांवावर चढतें. तें ऋण आहे एवढें जरी आपण मानलें, तरी दहा वेळां घ्यावयाचें तेथें कदाचित् एकदांच घेऊं. आणि असें घेण्यापूर्वीं प्रत्येकानें मनाशीं एकच कसोटी लावून पाहावी: हेंच कारण सांगून मी रायगड दिला असता काय?

हा लेख बहुतेक लिहून झाल्यावर पुढच्या रविवारीं मीं तो आमच्या मंडळींना वाचून दाखविला. इंजिनियर स्नेही रागावतील अशी मला धास्ती होती. ते बराच वेळ बोललेच नाहींत. मग म्हणाले, “माझ्या नोकरींत माझ्या हातून नऊ गांवें उठलीं. भरपाईचे कागद चोख होते; एक पैहि इकडची तिकडे झाली नाहीं. त्याचा मला आजवर अभिमान होता आणि पुढेंहि राहील.” थोडें थांबून त्यांनीं माझ्या पुतणीकडे पाहिलें. “पण पोरी, तुझ्या त्या प्रश्नाचें उत्तर असें आहे, कीं नाहीं. त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. मींहि नाहीं.”

त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. पुतणीनें त्यांच्यापुढचा निवलेला पेला उचलून नेला आणि दुसरा चहा आणून ठेवला.